तालुक्याच्या गावी चर्चामंडळ सुरू करायचे आहे: मतभेद मोकळेपणाने मांडता यावेत यासाठी काय करावे?

प्रश्न – कृष्णाकाठ

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीने महिन्यातील दोन रविवारी वाचनकक्षाशेजारचे दालन विनामूल्य वापरू देण्याचे मान्य केले आहे. तेथे पंधरा-वीस जणांचे एक चर्चामंडळ उभे करावे, असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. आमच्यात एक ऊस उत्पादक शेतकरी आहेत, औषधांचे दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत, वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी काही मुले-मुली आहेत.

गावात बोलणे कमी होते असे मुळीच नाही. एसटी स्थानकावर, दूध डेअरीच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात राजकारणापासून पीकविम्यापर्यंत सगळ्यावर बोलले जाते. परंतु बोलणाऱ्याचे आडनाव आणि त्याचा गट कळला की तो काय म्हणणार हे ऐकणाऱ्याने आधीच ठरवलेले असते, आणि बोलणाराही बहुधा तेच म्हणतो. वर्गात ‘तुला काय वाटते?’ असे विचारले, तर चांगली हुशार मुलेसुद्धा आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहून मला कोणते उत्तर हवे आहे याचा अंदाज घेतात. आपले मत स्वतः तपासून पाहण्याची, आणि पटले तर ते बदलण्याची, एखादी जागा गावात असावी, एवढाच आमचा हेतू आहे.

माझ्यापुढच्या अडचणी अशा आहेत. वयाने किंवा पदाने मोठा माणूस बोलला की बाकीचे माना डोलावतात. जात, धर्म किंवा पक्ष यांचा विषय निघाला की आवाज चढतात आणि पुढच्या वेळी निम्मे लोक येत नाहीत. हे विषय टाळले, तर चर्चा इतकी गुळमुळीत होते की कोणाला यावेसेच वाटत नाही. ज्यांनी असे मंडळ चालवले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी नियम, विषय आणि संचालन यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर – झाडीपट्टीचा वाटसरू

आपल्या पहिल्याच बैठकीत एक गोष्ट स्पष्ट करून टाका: येथे कोणताही ठराव होणार नाही, मतदान होणार नाही आणि मंडळाच्या नावाने एकही निवेदन तहसील कार्यालयात जाणार नाही. बाकीचे सगळे नियम मला याच्यापुढे दुय्यम वाटतात, आणि त्याचे कारण जरा विस्ताराने सांगतो.

महाराष्ट्राला सार्वजनिक बोलण्याच्या दोन पद्धती चांगल्या ठाऊक आहेत. एक व्याख्यानाची. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा आजही चालू आहे, आणि तिच्या धर्तीवर गावोगावी व्याख्यानमाला झाल्या. त्यांनी या समाजाला ऐकायला शिकवले, हे उपकार मोठे आहेत. मात्र तेथे एक बोलतो आणि शंभर ऐकतात. शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन उरकल्यावर प्रश्नांना वेळ उरलाच तर उरतो. दुसरी पद्धत सभेची, म्हणजे सूचक, अनुमोदक आणि ठराव यांची. ग्रामसभा, सोसायटीची वार्षिक सभा, साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा यांतून ती आपल्या अंगवळणी पडलेली आहे. जेथे शेवटी ठराव व्हायचा असतो तेथे माणूस विचार करायला येत नाही, बाजू राखायला येतो. त्याने मध्येच ‘तुमचे म्हणणे मला पटले’ असे म्हटले, तर त्याच्या गटाचे एक मत गेले असा त्याचा अर्थ होतो. आपल्याला हवी आहे ती तिसरी पद्धत, आणि तिची सवय आपल्याकडे फार कमी ठिकाणी आहे.

ती मी गडचिरोली जिल्ह्यात पाहिली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे सर्वांना माहीत झाले. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. या सगळ्याची चर्चा वर्तमानपत्रांत पुष्कळ झाली. त्यामागच्या अभ्यासगटाची तेवढी झाली नाही. गावचे देवाजी तोफा, सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी ग्रामसभा आणि अभ्यासगट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात ज्याला यायचे तो येतो, बाहेरचे जाणकारही येतात, माहिती घेतली जाते, शंका काढल्या जातात, आणि तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही सर्वसहमतीने, म्हणजे एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलून पुन्हा बोलणे होते. अभ्यासगटात बोललेल्या शब्दाला कोणी बांधील धरत नाही, म्हणून तेथे माणूस कच्चा विचारही बोलून दाखवू शकतो. कायदा, वनखात्याचे नियम, जंगलातील उत्पन्नाचा हिशेब असे अवघड विषय गाव याच मार्गाने शिकले.

आपले मंडळ म्हणजे गावचा अभ्यासगट समजा. एखाद्या विषयावर काही करावे असे सदस्यांना वाटलेच, तर त्यांनी ते मंडळाबाहेर, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर करावे.

उत्तर – पंचगंगेचा प्राध्यापक

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. ज्येष्ठांपुढे माना डोलावणे हा केवळ आपल्या गावचा किंवा आपल्या संस्कृतीचा दोष आहे, असे समजून खट्टू होऊ नका. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. समोरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी आहे, असा अगदी सोपा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांच्या गटाला विचारला. गटातील एक सोडून बाकी सगळे आधीच शिकवून ठेवलेले होते आणि ते ठरलेल्या वेळी एकमुखाने चूक उत्तर देत. डोळ्यांना दिसत असूनही त्या एकट्या विद्यार्थ्यांनी अशा वेळी सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटाप्रमाणे चुकीची दिली, आणि जवळजवळ तीनचतुर्थांश विद्यार्थी निदान एकदा तरी गटाबरोबर वाहून गेले. मला यातील पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो: गटातील आणखी एका व्यक्तीने खरे उत्तर दिले, की हे वाहून जाण्याचे प्रमाण पार खाली आले. एक सोबती पुरतो.

यावरून आपल्यासाठी एक साधी युक्ती निघते. विषयाचे वाचन झाल्यावर आणि कोणीही बोलण्यापूर्वी पाच मिनिटे शांतता ठेवा आणि प्रत्येकाला आपले मत कागदावर दोन-तीन वाक्यांत लिहायला सांगा, नाव न घालता. संचालकाने ते सगळे कागद वाचून दाखवावेत. आपल्यासारखेच मत खोलीत आणखी कोणाचे तरी आहे हे कळले, की दबलेला माणूस बोलू लागतो. त्यानंतर वयाने सर्वांत लहान असलेल्याने पहिल्यांदा बोलावे आणि मंडळातील ज्येष्ठांनी शेवटी. ज्येष्ठांना हे आधी घरी जाऊन सांगा, बैठकीत सर्वांसमोर सांगू नका. मान राखून सांगितले, तर बहुतेक जण आनंदाने मान्य करतात.

दुसरी गोष्ट सदस्यांच्या निवडीची. एकाच विचाराची माणसे एकत्र बसून बोलली, तर ती मध्यावर येत नाहीत, उलट आपल्या टोकाकडे आणखी सरकतात. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज या दोन शहरांत २००५ मध्ये हे प्रत्यक्ष तपासले गेले. पहिले शहर उदारमतवादी, दुसरे परंपरावादी. प्रत्येक शहरातील लोकांना आपल्याच शहरवासीयांबरोबर हवामानबदलासारख्या विषयांवर बोलायला लावले, तेव्हा चर्चेनंतर दोन्ही शहरांतील मते अधिक टोकाची झाली आणि गटांतर्गत मतभेद घटले. म्हणून केवळ ओळखीच्या आणि आवडत्या माणसांचे मंडळ करू नका. गावात ज्यांच्याशी आपले पटत नाही, पण जे मनापासून आपले मत बाळगतात, त्यांच्यापैकी तिघा-चौघांच्या दारी स्वतः जाऊन त्यांना बोलवा. ‘आज तू विरोधी बाजू मांड’ असे म्हणून खोटा विरोधक उभा करण्यापेक्षा खरा विरोधक कितीतरी उपयोगी पडतो, असे मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या संशोधनात दिसून आले आहे.

संचालनाविषयी एकच नियम सांगतो, पण तो काटेकोरपणे पाळा. समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगितल्याखेरीज कोणीही त्याचे खंडन करायचे नाही. आमच्या मंडळात उसाला ठिबक सिंचनाची सक्ती असावी का, हा विषय होता. एक शेतकरी म्हणाले, “सक्ती केली तर लहान शेतकरी बसेल.” त्यांना उत्तर देऊ पाहणाऱ्या तरुणाने नियमाप्रमाणे सांगितले, “तुमचे म्हणणे असे की ठिबकाचा खर्च मोठा आहे आणि अनुदान उशिरा मिळते.” शेतकरी म्हणाले, “नाही. पैशाचे मी बोललोच नाही. कालव्याची पाळी येते पंधरा-वीस दिवसांनी आणि ठिबकाला पाणी लागते रोजच्या रोज. मधल्या दिवसांत पाणी साठवायला शेततळे लागेल, आणि माझी जमीनच दीड एकर.” त्या तरुणाने खर्च आणि अनुदान यांची सगळी आकडेवारी तयार करून आणली होती, ती बाजूला ठेवून त्याला मुळातून विचार करावा लागला. हा नियम नसता, तर दोघेही तासभर वेगवेगळ्या प्रश्नांवर भांडले असते.

उत्तर – मांजराकाठची वाचक

वरील दोन्ही उत्तरे मी लक्षपूर्वक वाचली. त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण ‘आदरपूर्वक’ या अटीविषयी मला काही सांगायचे आहे, कारण ही अट नेहमी वरून खाली लागू होते असा माझा अनुभव आहे. सरपंचांचा आवाज चढला, तर ‘साहेब तळमळीने बोलले’. वस्तीवरच्या बाईचा चढला, तर ‘हिला बोलायची रीत नाही’. एका ठिकाणच्या मंडळात पाणवठ्याच्या विषयावर बोलताना मला दोनदा ‘विषयाला धरून बोला’ असे सांगण्यात आले, आणि मी तर केवळ माझ्या आजीला विहिरीवर काय सोसावे लागले तेच सांगत होते. तिसऱ्यांदा मी तेथे गेले नाही.

ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील भाषा अनेकांना झोंबली. ती सौम्य असती, तर आज तिची आठवण कोणी काढली असती का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. जोतीराव फुले यांनी त्या पुस्तकाची बाजू घेतली आणि ‘सत्सार’मध्ये टीकाकारांना उत्तर दिले. म्हणून माझा आग्रह असा, की आपल्या नियमात आवाज, आवेश किंवा शब्दांची धार यांवर बंदी नसावी. बंदी असावी ती माणसाच्या जातीवर, शरीरावर, घरावर, शिक्षणावर बोलण्यास. ‘तुमच्यातले लोक असेच’ या वाक्यास. आणि कोणी बोलत असताना हसण्यास. हसण्याचे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हसलेले इतिवृत्तात येत नाही, पण तेवढ्याने माणूस कायमचा गप्प होतो. संचालकाने तेथल्या तेथे थांबवून ‘येथे हसण्यासारखे काय होते ते सांगा’ असे विचारलेच पाहिजे.

स्वतंत्र विचार करायला आधी वेळ लागतो, आणि तो गावात सर्वांना सारखा मिळत नाही. आपली बैठक संध्याकाळी सातला ठेवलीत, तर ती पुरुषांचीच होईल, कारण तेव्हा घरोघरी चूल पेटलेली असते. दुपारी तीन ते पाच ठेवा आणि ती वेळ ओलांडू नका. लहान मुलांना बरोबर आणू द्या. वाचनालयाच्या बालविभागात त्यांना बसवता येईल. सर्वांनी सतरंजीवर किंवा सर्वांनी खुर्च्यांवर बसावे; काही जण खुर्च्यांवर आणि काही जण भिंतीकडेला असे बसले, की चर्चा सुरू होण्याआधीच तिचा निकाल लागलेला असतो. विषयाचे टिपण वाचून दाखवावे, केवळ वाटून ठेवू नये, म्हणजे ज्यांना भरभर वाचता येत नाही त्यांना ते सर्वांसमोर कबूल करण्याची वेळ येणार नाही.

जातीधर्माचे विषय टाळावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते टाळू नयेत, आणि ‘मंडळ स्थिरावल्यावर पाहू’ असेही म्हणू नये. ज्यांना हे विषय रोज भोगावे लागतात, त्यांच्यासाठी ते पुढे ढकलणारे मंडळ हे दुसऱ्यांचे मंडळ असते.

उत्तर – जुनी पाने

इतिहासाचा वाचक म्हणून थोडेसेच लिहितो. ठराव न करण्याविषयी वर जे लिहिले आहे, त्याला पुण्याचा दाखला आहे. १८७० मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक सभा ही महाराष्ट्रातील पहिल्या मोठ्या राजकीय संस्थांपैकी एक. १८९५ मध्ये तिच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षाचे बहुमत झाले आणि रानडे, गोखले यांच्या मंडळींनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली. दोन्ही बाजूंना विचारवंतांची मांदियाळी होती, दोन्ही बाजूंचा देशाविषयीचा कळवळा खरा होता, आणि तरीही एका छपराखाली राहणे त्यांना जमले नाही. जिंकण्यासारखे पद किंवा संस्था समोर असली, की कोणीतरी ते जिंकायला येणारच. तेव्हा आपल्या मंडळाला अध्यक्ष नको, निधी नको, नोंदणी नको. संचालक दर बैठकीला बदलावा.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७२७ मध्ये फिलाडेल्फियात काढलेले ‘जुंटो’ हे मंडळ आपल्या कल्पनेच्या फार जवळचे आहे. सदस्य मोजके बारा, त्यांत मुद्रक, मोजणीदार, जोडे शिवणारा, सुतार अशी कामकरी माणसे. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक. प्रत्येकाने आळीपाळीने प्रश्न आणायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः निबंध लिहून वाचायचा. आपले मत ठासून सांगणाऱ्या किंवा समोरच्याला थेट खोडून काढणाऱ्या शब्दांना तेथे बंदी होती आणि ते वापरल्यास किरकोळ दंड असे. याच मंडळींच्या पुस्तकांच्या गरजेतून पुढे १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे वाचनालय उभे राहिले. मांजराकाठच्या वाचकांची क्षमा मागून लिहितो, की ‘निःसंशय’, ‘शंभर टक्के’, ‘सगळ्यांना ठाऊकच आहे’ असल्या शब्दांवरचा हा जुना अंकुश मला आजही हितकर वाटतो.

उत्तर – मांजराकाठची वाचक

क्षमा मागण्याचे कारण नाही. तो अंकुश मला अंशतः मान्य आहे. ‘ठिबकाने इतके पाणी वाचते’ किंवा ‘अमुक कायद्यात असे लिहिले आहे’, अशी दुसऱ्याला तपासता येणारी विधाने करताना माणसाने जपून बोलावे, आणि चुकत असेल तर मागे घ्यावे. पण माझ्या आजीला विहिरीवर चढू दिले नाही, हे मी ‘मला असे वाटते की’ अशी सुरुवात करून सांगणार नाही. जे घडले ते घडले. आपल्या नियमात हा भेद लिहून ठेवला, तर मी त्यावर सही करीन.

प्रश्नकर्तीचे लेखन – कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही सगळे औषधांच्या दुकानामागच्या खोलीत बसून ही उत्तरे मोठ्याने वाचली. ठराव नाही, अध्यक्ष नाही, नाव न घालता आधी लिहायचे, लहानांनी आधी बोलायचे आणि खंडनापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल असे सांगायचे, एवढे सर्वांनी मान्य केले. वेळ दुपारी तीन ते पाच ठरली आणि सर्वांनी सतरंजीवरच बसायचे ठरले. गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीकडेला नव्हे, तर गोलातच खुर्च्या ठेवू. मांजराकाठच्या वाचकांनी सांगितलेला भेद आम्ही त्यांच्याच शब्दांत नियमावलीत उतरवला आहे. भ्रमणध्वनीवरचा गट केवळ बैठकीची वेळ आणि टिपण पाठवण्यासाठी राहील, तेथे वाद घालायचा नाही, ही आमच्या मुलांची सूचना होती आणि ती मला फार आवडली.

विषयाच्या बाबतीत मात्र आमच्यात एकमत झाले नाही. माझ्या मनात पहिल्या बैठकीसाठी ‘मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवावे का?’ हा विषय होता. सेमी-इंग्रजीचे वर्ग आमच्या तालुक्यात वाढत आहेत, प्रत्येक घराचा त्याच्याशी संबंध आहे, आणि या प्रश्नावर गावातील गट, पक्ष किंवा आडनाव यांवरून कोणाचे मत ओळखता येत नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलींपैकी एकीने याला हरकत घेतली. तिचे म्हणणे असे, की गावच्या यात्रेत पालखीला खांदा देण्याचा मान काही घरांकडेच का, हा विषय आधी घ्यावा, नाहीतर पुढे तो कधीच निघणार नाही. निवृत्त गृहस्थांना भीती वाटते की त्यामुळे पहिल्याच दिवशी दालन हातचे जाईल, कारण वाचनालयाच्या कार्यकारिणीत त्या घरांतील माणसे आहेत. त्यांची भीती खोटी नाही, आणि त्या मुलीचे म्हणणेही मला खोडून काढता आले नाही.

सध्या आम्ही पहिल्या दोन बैठकांचे विषय एकाच वेळी जाहीर करायचे ठरवले आहे: पहिला शाळेचा, दुसरा पालखीचा, तारखेसह. दुसऱ्या विषयाचे टिपण ती मुलगी आणि मानकरी घरातील एक तरुण मिळून लिहिणार आहेत. तो तरुण तयार झाला आहे. मानाच्या परंपरेची बाजू, तिचा जुना इतिहास आणि तिला असलेला विरोध हे सगळे दोन पानांत, दोघांनाही मान्य होईल असे लिहायचे आहे. अशा नाजूक विषयावर दोन विरुद्ध बाजूंच्या माणसांनी मिळून टिपण तयार केल्याचा अनुभव कोणाला असेल, तर त्यांनी आधी प्रत्येकाने वेगळे लिहून मग जोडले, की पहिल्या ओळीपासून एकत्र बसून लिहिले, हे कृपया कळवावे. दोघेही येत्या शनिवारी लिहायला बसणार आहेत.